पोलीस, टोळी आणि संसार: शांघायमधील एका घराचा इतिहास



आजच्या व्याख्यानाचे शीर्षक वाचून काही जणांना वाटले असेल, की तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आता सिनेमाकडे वळले. पोलीस आणि गुन्हेगारी टोळीची म्होरकी यांचे प्रेम हा सिनेमाचा आवडता विषय आहे खरा. तो कायद्याच्या बाजूचा, ती कायद्याच्या पलीकडची. दोघांची नजरानजर होते आणि पुढचे दोन तास आपण एकाच प्रश्नात अडकतो, की हा वर्दी निवडणार की तिला? अशा कथेत एक गोष्ट आपण न बोलता गृहीत धरतो. कायदा आणि गुन्हा यांच्यामध्ये एक पक्की भिंत आहे, आणि प्रेमाने ती ओलांडली, असे ते गृहीतक आहे.

आज आम्ही जी हकिगत घेऊन आलो आहोत, ती या गृहीतकाचीच परीक्षा घेते. शहर शांघाय, काळ साधारण १८९० ते १९३०. घरधनी फ्रेंच वसाहतीच्या पोलीस खात्यातला, घरधनीण अंडरवर्ल्डमधली. घराच्या एका दाराने चोऱ्यांच्या तक्रारी येत आणि दुसऱ्या दाराने चोर येत. या घरात भिंत कुठे होती, ती होती तरी का, आणि नसेल तर त्याची किंमत कोणी मोजली, एवढेच आज बघायचे आहे.

आधी शहर समजून घेऊ. शहर समजले नाही तर माणसे समजणार नाहीत. पहिल्या अफूयुद्धानंतर, १८४२च्या नानकिंगच्या तहाने चीनला पाच बंदरे परदेशी व्यापाराला खुली करावी लागली. त्यांत शांघाय होते. ब्रिटिशांनी तिथे वसाहत थाटली, मग अमेरिकनांनी, आणि १८४९ मध्ये फ्रेंचांनी. ब्रिटिश आणि अमेरिकन वसाहती १८६३ मध्ये एक झाल्या आणि त्यांची आंतरराष्ट्रीय वसाहत बनली. फ्रेंच मात्र वेगळेच राहिले. म्हणजे झाले काय, बघा. एकाच शहरात तीन कारभार. चिनी शहर वेगळे, आंतरराष्ट्रीय वसाहत वेगळी, फ्रेंच वसाहत वेगळी. तीन पोलीस, तीन प्रकारची न्यायालये, तीन कायदे. आंतरराष्ट्रीय वसाहतीत चौकात पगडीधारी शीख शिपाई उभा, तर फ्रेंच हद्दीत व्हिएतनाममधून आणलेला शिपाई उभा. आणि दोन हद्दींच्या मध्ये बराच काळ होता काय, तर एक नाला. पुढे तो बुजवून त्याचा रस्ता केला. चोराने रस्ता ओलांडला की पहिल्या पोलिसाचे हात बांधले गेले. गुन्हेगाराला याहून सोयीचे शहर कोणते असणार?

आता फ्रेंच अधिकाऱ्यांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. हद्दीत राहणारे बहुसंख्य लोक चिनी. साहेबाला त्यांची भाषा येत नाही, गल्ल्या ठाऊक नाहीत, कोण कोणाचा माणूस हे कळत नाही. हाताशी फौजफाटा तुटपुंजा. मग तो काय करतो? स्थानिक माणसे गुप्तहेर म्हणून नेमतो, आणि त्यांच्याकडून एकच अपेक्षा ठेवतो. वसाहतीत शांतता हवी. ती कशी आणली हे विचारायचे नाही.

या अपेक्षेला पुरा उतरला तो हुआंग जिनरोंग. चिनी माणसाचे आडनाव आधी येते, तेव्हा आपण त्याला हुआंग म्हणू. जन्म १८६८चा. चेहऱ्यावर देवीचे व्रण होते, त्यावरून लोकांनी त्याला टोपणनावही पाडले होते. १८९२ मध्ये तो फ्रेंच वसाहतीच्या पोलिसांत लागला आणि चढत चढत चिनी गुप्तहेरांचा प्रमुख झाला. त्याची पद्धत ऐकण्यासारखी आहे. हुआंग चोरांशी वैर धरत नसे, त्यांना पदरी ठेवत असे. कोणाच्या घरी चोरी झाली, की कोणत्या टोळीने केली हे त्याला संध्याकाळपर्यंत कळे. माल परत मिळे, मालक खूश, साहेब खूश, आणि चोरालाही काहीतरी सुटे. त्याच्या नावाचा डंका वाजायला आणखी काय हवे? पदरच्याच माणसांकडून चोरी करवायची आणि मग आपणच ती उघडकीला आणायची, असेही प्रकार त्याच्या नावावर सांगितले जातात.

ही काही चीनची खासियत नाही, बरं का. लंडनमध्ये अठराव्या शतकाच्या सुरुवातीला जोनाथन वाइल्ड नावाचा माणूस स्वतःला 'चोर पकडणाऱ्यांचा सेनापती' म्हणवून घेत होता. चोरीचा माल शोधून देणारा म्हणून लोक त्याच्या दारी रांगा लावत, आणि तो माल चोरणारेही त्याचेच असत. १७२५ मध्ये तो फासावर गेला. पॅरिसमध्ये विदोक हा एकेकाळचा कैदी पुढे गुप्तहेर खात्याचा पहिला प्रमुख झाला. आणि आपल्याकडे? कालिदासाच्या शाकुंतलाचा सहावा अंक आठवा. अंगठी चोरल्याच्या आरोपावरून कोळ्याला मारहाण करणारे राजाचे शिपाई, त्याला बक्षीस मिळाल्याबरोबर त्याचे जिवलग होतात आणि सगळे मिळून दारूच्या दुकानाकडे निघतात. कालिदासाने ते चार ओळींत हसतहसत सांगितले आहे. प्रेक्षकही हसले असणार, कारण त्यांना ते ओळखीचे होते.

आता या कथेत ती येते. तिचे नाव लिन ग्वेइशेंग. शांघायमध्ये परंपरेने सांगितली जाणारी हकिगत अशी, की वरिष्ठांशी खटका उडाल्यामुळे हुआंगने काही काळ नोकरी सोडली आणि तो सूचौला गेला. म्हणजे या वेळी तो माजी पोलीस होता. सूचौमध्ये ग्वेइशेंग कुंटणखाना चालवत होती. तिचे लग्न झालेले होते, तरी तिने नवऱ्याला सोडून हुआंगला जवळ केले. पुढे फ्रेंचांना हुआंगची गरज पुन्हा भासली, आणि तो शांघायला परतला तो ग्वेइशेंगला घेऊन.

ही माहिती येते कुठून, हा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारलाच पाहिजे. यातला मोठा भाग जुन्या साथीदारांच्या, नोकरचाकरांच्या आणि पत्रकारांच्या आठवणींतून आला आहे, आणि त्या बऱ्याच पुढे लिहिल्या गेल्या. अशा आठवणींना रंग चढतो. पण त्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते, म्हणून ती महत्त्वाची मानायला हवी. ग्वेइशेंग ही नुसती कोणाची बायको नव्हती. घरातला पैसा, माणसांची पारख, अफूच्या धंद्यातले व्यवहार यांत तिचा शब्द चाले, आणि टोळीतली माणसे तिला वचकून असत. हुआंगकडे पद होते. ते पद पैशात कसे बदलायचे, हे तिला कळत होते.

तिने केलेली सगळ्यात मोठी पारख म्हणजे दू युएशेंग. १८८८चा जन्म, पूडोंग भागातला, लहानपणीच आईबाप गेलेले, फळांच्या दुकानावर काम करून वाढलेला पोरगा. हुआंगच्या घरात तो अगदी खालच्या पायरीवर शिरला. सांगतात, की ग्वेइशेंग आजारी पडली तेव्हा त्याने तिची मनापासून शुश्रूषा केली. मग तिने त्याला मोठी रक्कम देऊन तो तिचे काय करतो हे पाहिले. त्याने ती चैनीत उडवली नाही. जुनी देणी फेडली आणि साथीदारांना वाटली. ग्वेइशेंगने ओळखले, की हा मुलगा पैशाने माणसे विकत घेणारा आहे, माणसे विकून पैसा करणारा नाही. गोष्टीचे तपशील कमीजास्त होत असतील, पण दूचा उदय तिच्या हातून झाला याबद्दल जुन्या हकिगतींचे एकमत आहे. त्याला जुगाराच्या अड्ड्याचा कारभार मिळाला तोही तिच्यामुळेच.

इथे आम्ही जरा थांबतो आणि आमच्या मूळ विषयाकडे, तत्त्वज्ञानाकडे वळतो. या दोघांमध्ये जे होते त्याला प्रेम म्हणायचे का?

अ‍ॅरिस्टॉटलने स्नेहाचे तीन प्रकार केले आहेत. एक उपयुक्ततेवर उभा, एक सुखावर उभा, आणि एक परस्परांच्या चांगुलपणावर उभा. पहिले दोन टिकाऊ नसतात. उपयोग संपला किंवा सुख आटले, की ते विरतात. हुआंग आणि ग्वेइशेंग यांचा संसार पहिल्या प्रकारात घालून मोकळे होणे सोपे आहे. पण वीस-पंचवीस वर्षे एकमेकांची गुपिते सांभाळणे हा निव्वळ हिशेब असतो का? प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये पहिल्याच भागात सॉक्रेटिसने एक मार्मिक मुद्दा मांडला आहे. दरोडेखोरांच्या टोळीलाही आपापसांत न्यायाने वागावे लागते, नाहीतर त्यांची दरोडेखोरीसुद्धा धड चालणार नाही. याचा अर्थ असा, की आत विश्वास आणि निष्ठा आहे एवढ्यावरून बाहेर अन्याय होत नाही असे ठरत नाही. उलट आतला विश्वास जितका पक्का, तितका बाहेरचा अन्याय कार्यक्षम! हे वाक्य आपण लक्षात ठेवू या, कारण पुढची सगळी हकिगत त्यावर उभी आहे.

या घराला पैसा मिळाला तो मुख्यतः अफूतून. आणि अफू म्हटले की आपल्याला आपल्या घराकडे बघावे लागते. चीनमध्ये जाणारी अफू दोन वाटांनी जाई. बंगाल-बिहारची अफू कलकत्त्याहून, आणि माळव्याची मुंबईहून. माळव्याचा मोठा मुलूख शिंदे-होळकरांचा. ती अफू कंपनीला चुकवून दमणमार्गेही जायची. १८४३ मध्ये सिंध इंग्रजांकडे गेला, तिकडची वाट बंद झाली आणि मुंबई बंदराची चांदी झाली. मुंबईतले पहिले मोठे भांडवल ज्या व्यापारांतून उभे राहिले त्यांत कापसाबरोबर अफूही होती. सर जमशेटजी जीजीभॉय यांची संपत्ती चीनच्या व्यापारातली, आणि त्यात अफूचा वाटा मोठा. ससून घराण्याचेही तेच. मुंबईचा ससून डॉक, पुण्याचे ससून रुग्णालय आणि शांघायच्या नदीकाठची १९२९ची ससून हाउस ही इमारत, ही एकाच घराण्याच्या नावाची ठिकाणे आहेत. जे.जे. आणि ससूनमध्ये लाखो गरिबांवर उपचार झाले, हे खरे आहे. त्या पैशातला काही पैसा कुठून आला हेही खरे आहे. या दोन सत्यांची वजाबाकी करून उत्तर काढायचे नसते. दोन्ही शेजारी ठेवून जगावे लागते.

पुढे चीनने अफूबंदीची मोहीम हाती घेतली. १९०६ मध्ये बादशाही फर्मान निघाले. १९०७ मध्ये ब्रिटिश सरकारशी करार झाला, की हिंदुस्थानातून जाणारी अफू दरवर्षी एक दशांशाने कमी करत न्यायची. १९१७ मध्ये शांघायमधली कायदेशीर विक्री संपली आणि जानेवारी १९१९ मध्ये उरलेला साठा सरकारने जाहीरपणे जाळला. चांगले झाले ना? झाले. पण ओढणाऱ्यांची सवय काही फर्मानाने सुटली नव्हती. माल दुर्मिळ झाला, भाव चढला, आणि जो व्यापार कालपर्यंत साहेबांच्या पेढ्या करत होत्या तो आज टोळ्यांकडे आला. सेचुआन आणि युन्नान प्रांतांतली अफू यांगत्से नदीतून खाली येई, इराण-तुर्कस्तानची समुद्रातून येई. ती उतरवायची कुठे, ठेवायची कुठे, आणि वाटेत लुटली जाणार नाही याची हमी कोणी द्यायची? हमी देणारा असा हवा, की ज्याचे चोर ऐकतात आणि पोलीसही ऐकतात. असे घर शहरात एक होतेच.

शेजारच्या आंतरराष्ट्रीय वसाहतीतही फारसे वेगळे नव्हते. तिथेही अफूच्या लुटीत आणि संरक्षणात आघाडीवर असलेल्या टोळीचा नायक गुप्तहेर खात्याशी संबंधित होता. म्हणजे हुआंग हा अपवाद नव्हता, तो नियमाचे ठळक उदाहरण होता. ज्या 'हिरव्या टोळी'चा तो मोठा धनी मानला जाई, तिची रीतसर दीक्षाही त्याने बराच काळ घेतलेली नव्हती. घेण्याची गरजच काय? पोलीस खात्यातली खुर्ची हीच त्याची दीक्षा होती.

आता या संसारात वादळ आले ते कशामुळे? पकडला गेला म्हणून? नाही. तो खरोखर प्रेमात पडला म्हणून.

हुआंगच्या मालकीची नाट्यगृहे होती. त्यांपैकी एका नाट्यगृहात लू लानचुन नावाची गायिका-अभिनेत्री काम करत होती. ती वयाने त्याच्याहून खूप लहान, आणि त्याच्याच एका माणसाच्या घरात वाढलेली. पन्नाशी उलटलेला हुआंग तिच्या नादी लागला. एके दिवशी तिच्या गाण्यातला सूर चुकला आणि प्रेक्षकांतल्या एका तरुणाने तिची टर उडवली. हुआंगच्या माणसांनी भर नाट्यगृहात त्याच्या थोबाडीत मारली. तो तरुण निघाला झेजियांग प्रांताचा लष्करी सत्ताधीश लू योंगश्यांग याचा मुलगा! काही दिवसांनी लष्करी माणसांनी हुआंगला त्याच नाट्यगृहातून उचलले आणि लुंगहुआच्या छावणीत नेऊन कोंडले. ही गोष्ट १९२०च्या दशकाच्या पूर्वार्धातली. ज्याचे नाव काढल्यावर शहर दबकत होते, तो एका सेनापतीच्या पोराच्या रागापुढे लटका पडला.

त्याला सोडवले कोणी? ग्वेइशेंगने धावाधाव केली असे हकिगती सांगतात. नवरा दुसरीच्या पायी अडकला, आणि त्याला सोडवायला पहिलीने दागदागिने घेऊन दारोदार जावे! वाटाघाटी जमवल्या त्या मात्र मुख्यतः दू युएशेंगने, आणि लष्करात ओळखी असलेल्या झांग शियाओलिनने. हुआंग सुटला. पण या वाटाघाटींतून दोन गोष्टी घडल्या. लष्करी अधिकारी आणि टोळी यांची अफूच्या धंद्यातली भागीदारी घट्ट झाली, आणि घरातली सत्ता हुआंगकडून दूकडे सरकली. मग हुआंगने ग्वेइशेंगपासून काडीमोड घेतला आणि लू लानचुनशी लग्न केले. काही वर्षांत लू लानचुनही त्याला सोडून गेली. ग्वेइशेंग शहरातच वेगळी राहिली, धंद्यातून बाजूला झाली. दू तिचा मान राखत असे, असे म्हणतात.

सिनेमाची कथा इथे अगदी उलटी होते, हे तुमच्या लक्षात आले असेल. सिनेमात प्रेम कायद्याची भिंत ओलांडते आणि व्यवस्था हादरते. इथे पोलीस आणि टोळीची धनीण यांचा संसार हाच व्यवस्थेचा आधार होता. तो चालू होता तोवर कोणालाच खटकले नाही, साहेबालाही नाही. हुआंगने व्यवहार सोडून जीव लावला, आणि सगळे ढासळले. यावर कोणी म्हणेल, की बघा, शेवटी प्रेमच सच्चे ठरले. आम्हाला हे पटत नाही. लू लानचुनला काय हवे होते, हे त्या हकिगतींत कोणी विचारलेलेच नाही. नाट्यगृह त्याचे, मारणारी माणसे त्याची, ती ज्या घरात वाढली ते घर त्याच्या माणसाचे. नाही म्हणायला तिच्याकडे जागा किती होती? जिथे नकाराला जागा नाही तिथल्या होकाराला प्रेम म्हणताना शंभरदा विचार करावा लागतो. तिने पुढे ते घर सोडले, आणि तिच्याबद्दलच्या सगळ्या हकिगतीत तिचे स्वतःचे म्हणून दिसणारे पाऊल ते एकच आहे.

१९२५ मध्ये हुआंग पोलीस खात्यातून निवृत्त झाला. त्याच सुमाराला हुआंग, दू आणि झांग या तिघांनी मिळून अफूची एक कंपनीच थाटली. ती फ्रेंच वसाहतीत, अधिकाऱ्यांना ठरलेले हप्ते देऊन चालत असे. माजी पोलीस अधिकारी, त्याच्या घरात वाढलेला टोळीप्रमुख, आणि डोळ्यांवर कातडे ओढून बसलेले सरकार, असा हा त्रिकोण होता.

आणि मग १९२७ साल आले. मार्चमध्ये शांघायच्या कामगारांनी उठाव करून चिनी शहर ताब्यात घेतले. च्यांग कै-शेकचे राष्ट्रवादी सैन्य शहरात आले. कामगार संघटना आणि कम्युनिस्ट आता त्याला डोईजड झाले होते. या कामासाठी त्याला सैन्य पुढे करायचे नव्हते. माणसे हवी होती ती अशी, की ज्यांचा सरकारशी वरवर संबंध नाही. ती माणसे हुआंग, दू आणि झांग यांच्याकडे होती. ११ एप्रिलच्या रात्री कामगार महासंघाचा नेता वांग शोउहुआ याला दूने घरी जेवायला बोलावले. तो तिथून जिवंत परतला नाही. १२ एप्रिलच्या पहाटे फ्रेंच वसाहतीतून सशस्त्र टोळ्या निघाल्या. दंडाला पट्टे होते, त्यांवर 'कामगार' अशा अर्थाचे चिनी अक्षर होते. त्यांनी कामगारांच्या पहारेकऱ्यांवर हल्ला चढवला, आणि पुढच्या दिवसांत शेकडो माणसे मारली गेली. दुसऱ्या दिवशी निषेधाचा मोर्चा निघाला, त्यावर सैन्याने गोळ्या चालवल्या. या सेवेबद्दल तिघांना मानद लष्करी पदे मिळाली. पुढे १९३०च्या दशकात दू युएशेंगला शांघायच्या अफूबंदी समितीवर घेण्यात आले. हा विनोद नव्हे, नोंद आहे.

आता प्लेटोचे ते वाक्य आठवा. हे घर आतून किती पक्के होते बघा. ग्वेइशेंगने दूला ओळखले, दूने तिचा मान राखला, हुआंग अडचणीत आला तेव्हा त्याला सोडवले. दिलेला शब्द पाळणे, उपकार न विसरणे, आजारपणात सेवा करणे हे सगळे गुण या घरात होते. आम्हाला वाटते, की अशा कथांची मोहिनी इथेच आहे. आपल्या आजूबाजूच्या सभ्य जगात शब्द पाळणारी माणसे कमी भेटतात, आणि टोळीच्या कथेत ती भेटतात. मग आपण हळूहळू त्या माणसांच्या बाजूचे होतो. गोष्ट सांगणारा कॅमेरा घराच्या आत ठेवतो, आणि आपणही आत बसतो. बाहेर कोण उभे आहे ते दिसत नाही.

बाहेर कोण उभे होते? चंडूखान्यात पडलेला हमाल, ज्याच्या मजुरीतला मोठा भाग नळीतून धूर होऊन गेला. कुंटणखान्यात विकलेल्या मुली, ज्यांच्या पैशावर सूचौमधल्या त्या भेटीचा खर्च निघाला होता. तक्रार घेऊन पोलिसांत गेलेला आणि पोलिसांतच आपला चोर बसलेला बघून परत फिरलेला दुकानदार. आणि १२ एप्रिलच्या पहाटे दारावर थाप पडली म्हणून उठलेला गिरणी कामगार. या लोकांची नावे आठवणींच्या पुस्तकांत नाहीत. हुआंगच्या थोबाडीत मारण्याच्या गोष्टीला दहा पाने मिळतात, त्यांना मिळत नाहीत.

शेवट थोडक्यात सांगतो. झांग शियाओलिनला १९४० मध्ये त्याच्याच अंगरक्षकाने गोळी घातली. दू १९४९ मध्ये हाँगकाँगला गेला आणि १९५१ मध्ये तिथेच वारला. हुआंग म्हातारा झाला होता, तो शांघाय सोडून गेला नाही. 'दा शिजिये', म्हणजे 'मोठे जग', या नावाचे करमणुकीचे प्रचंड केंद्र त्याने १९३१ मध्ये ताब्यात घेतले होते. १९५१ मध्ये नव्या राजवटीने त्याच्याकडून कबुलीजबाब लिहवून घेतला आणि तो शहरातल्या वर्तमानपत्रांत छापला. त्या वेळचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्याच केंद्राच्या परिसरात हातात झाडू घेतलेला, ऐंशी ओलांडलेला हुआंग. १९५३ मध्ये तो गेला.

ते छायाचित्र बघून काही लोकांना न्याय झाल्यासारखे वाटते. आम्हाला त्यात अपुरेपण दिसते. एका म्हाताऱ्याच्या हातात झाडू दिल्याने त्या तीन कारभारांचा, हप्ते घेणाऱ्या अधिकाऱ्यांचा, सेनापतींचा, आणि दूरवर बसून अफू पाठवणाऱ्या व्यापाऱ्यांचा हिशेब होत नाही. व्यवस्था जे करते त्याचे खापर एका माणसावर फोडता आले, की इतर सगळे हात धुऊन मोकळे होतात.

तेव्हा मूळ प्रश्नाकडे येऊ. पोलीस आणि टोळीप्रमुख यांचे प्रेम शक्य आहे का? आहे की. माणूस आहे, कोणावरही जीव जडू शकतो. ते प्रेम खरे असू शकते का? तेही असू शकते. ग्वेइशेंग नवऱ्यासाठी दारोदार फिरली असेल, तर ते खोटे म्हणण्याचा आम्हाला अधिकार नाही. पण पोलिसाने घातलेली वर्दी ही त्याची खासगी मालमत्ता नसते. ती त्याला इतरांनी, तक्रार घेऊन येणाऱ्या त्या दुकानदाराने, सांभाळायला दिलेली असते. आपले काय ते माणूस प्रेमासाठी उधळू शकतो. दुसऱ्याने ठेवायला दिलेले मात्र नाही. म्हणून पुढच्या वेळी अशी कथा बघाल, वाचाल, तेव्हा त्या दोघांचे काय होणार हे जरूर बघा. त्याबरोबर त्यांच्या दाराबाहेर कोण उभे आहे तेही बघा. तो तिसरा माणूस दिसू लागला, की त्या दोघांकडे बघण्याची आपली नजर बदलते.

आमचे बोलणे इथे थांबवतो. ऐकणाऱ्यांत कोणाकडे शांघायला नोकरी-व्यापारानिमित्त गेलेल्या आपल्याकडच्या माणसांची जुनी पत्रे असतील, तर ती जपून ठेवा. त्या शहराचा आपल्या बाजूने लिहिलेला इतिहास अजून बराच बाकी आहे. आता तुमचे प्रश्न घेऊ.